गेले, की पाठवले?

२८ जुलै, रात्री

दुपारी पावसाने जरा उघडीप दिली म्हणून जुन्या चावडीपर्यंत चालत गेले. चावडीच्या भिंतीतला तो संगमरवरी दगड लहानपणापासून पाहत आलेय, पण नीट वाचला आज. मजकूर इंग्रजीत कोरलेला आहे : या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. आकडे लागत नाहीत. चावडी रंगवताना दर वेळी दगडावरूनही ब्रश फिरलाय आणि खाचा ऑइलपेंटने भरून गेल्यात. बोटाने चाचपून पाहिलं. चार असेल, नाहीतर नऊ.

त्यातला एक आमच्या घरातला, पणजोबांचा धाकटा भाऊ. घरात त्याच्याबद्दल एवढंच बोलतात, "बसऱ्याला गेला." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. तिथून वर, टायग्रिस नदीकाठच्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडला होता म्हणतात, पुढचं कुणाला ठाऊक नाही.

संध्याकाळी चहाला विषय काढला तर दादा म्हणाला, "त्या युद्धाला एकटा कुणी जबाबदार नव्हता गं. सगळेच झोपेत चालल्यासारखे खड्ड्यात गेले." दादा शाळेत इतिहास शिकवतो, त्याचं वाचन दांडगं. आणि हे मत आज पुष्कळ अभ्यासकांचं आहे, हेही खरं. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते आज इथे लिहून काढायचंय.

साराजेव्होत २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडणारा, जिथून युद्धाची ठिणगी पडली तो गाव्रिलो प्रिन्सिप १९ वर्षांचा होता. त्याच्या टोळीला शस्त्रं मिळाली ती सर्बियाच्या लष्करी हेरखात्याच्या प्रमुखाच्या माणसांकडून. म्हणजे सर्बियाचे हात स्वच्छ नव्हते. सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाने ३० जुलैला सगळं सैन्य उभं करायचा हुकूम काढला. झारने आदल्या रात्री तोच हुकूम मागे घेतला होता, दुसऱ्या दिवशी सेनापती-मंत्र्यांनी पुन्हा काढायला लावला. हे सगळं दादाच्या बाजूने जातं.

पण मी अडते ती २८ जुलैपाशी, आजच्याच तारखेपाशी. युवराजाच्या खुनावरून ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची मुदत देऊन मागण्या पाठवल्या होत्या, आणि सर्बियाने त्यातल्या बहुतेक मान्य केल्या होत्या. ते उत्तर २८ तारखेला सकाळी जर्मनीचा राजा कैसर विल्हेल्मने वाचलं आणि त्यावर लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. ज्या जर्मनीने जुलैच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाला "काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत" असा शब्द दिला होता, तिच्याच राजाला बाहेर पडायची वाट दिसली होती! वाट दिसूनही जे थांबले नाहीत त्यांना झोपेत चालणारे कसं म्हणायचं? व्हिएन्ना आणि बर्लिन, म्हणजे ऑस्ट्रिया आणि जर्मनी, यांचा वाटा मोठा होता, असं मी म्हणते. सगळ्यांवर सारखा वाटला की दोष इतका पातळ होतो की कुणाच्याच अंगाला लागत नाही.

जर्मनीत तर हा वाद घरातल्या भांडणासारखा पेटला होता. हॅम्बुर्गचे इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी १९६१ मध्ये जर्मन दप्तरांतूनच जर्मनीच्या युद्धहेतूंचे पुरावे मांडले. १९६४ मध्ये ते अमेरिकेत व्याख्यानांना निघाले, तर सरकारने मंजूर केलेला प्रवासखर्च काढून घेतला. युद्ध सुरू होऊन ५० वर्षं झाली होती, तरी एवढं झोंबलं.

हे दादाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण मग आपला माणूस बसऱ्याला कुणी नेला? कैसरने?"

इथे मला उत्तर सुचेना. रात्रीचं जेवण झालं तरी डोक्यात तेच.

लंडनने ४ ऑगस्टला युद्ध पुकारलं आणि इथल्या कुणालाही न विचारता आपण त्यात होतो. इथून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. बसरा नोव्हेंबर १९१४ मध्येच इंग्रजांच्या हाती आलं होतं. इराणी तेलाच्या रक्षणाला तेवढं पुरलं असतं, पण वरच्यांना बगदाद दिसायला लागलं. हिंदुस्थानी फौजेची सहावी पूना डिव्हिजन टायग्रिसच्या काठाने वर गेली, मागे हटली, कूतमध्ये कोंडली गेली. मराठा पलटणी तिच्यातच होत्या. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसांनी उपाशीपोटी शरणागती पत्करली. या मोहिमेच्या १९१७ च्या चौकशी आयोगाने तिथले सेनापती जनरल निक्सन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यावर ठपका ठेवला. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्या वेळचे व्हाइसरॉय हार्डिंग तोवर लंडनला परराष्ट्र खात्यात वरच्या पदावर होते. त्यांनीही राजीनामा पुढे केला, तो घेतला गेला नाही.

पुढे २८ जून १९१९ ला व्हर्सायच्या तहात, कलम २३१ मध्ये, सारी जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकली गेली. त्यावर भारतातर्फे सह्या केल्या तेव्हाचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. म्हणजे दोष कुणाचा हे ठरवताना आमचंही नाव वापरलं. आमच्या माणसांना तिथे नेणाऱ्यांच्या दोषाचा, भुकेचा, कूतच्या वाटेचा त्या कलमात उल्लेख नाही.

आणि त्या दगडावर शब्द आहे "गेले".

बसऱ्याला मोठं स्मारक आहे. त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत, पण साध्या शिपायांची पलटणीगणिक नुसती संख्या दिली आहे. आमचा माणूस तिथे असलाच तर आकड्यात आहे.

आत्याला विचारलं, त्याचं श्राद्ध कधी करायचे? ती भाजी निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "अगं, तिथी कुठे ठाऊक होती? सर्वपित्रीला एक पान त्याचं वाढतात. अजून वाढते मी."