ट्युलिप नसतानाचं पेला

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं, डच लोकांनी वसवलेलं पेला बहुतेक जण मे महिन्यात ट्युलिप टाइमला पाहतात. १९३५पासूनचा हा उत्सव देखणा आहेच. डच पोशाखातली माणसं मिरवणुकीआधी रस्ता खराट्यांनी घासून धुतात, लाकडी बुटांचा खडखडाट होतो. पण जेमतेम दहा हजार वस्तीचं हे गाव राबतं कसं, हे बघायचं असेल तर साध्या कामाच्या दिवशीच जावं. आम्ही सप्टेंबरात गेलो, तेही आठवड्याच्या मधल्या वारी.

आयोवाची राजधानी डे मॉइनच्या विमानतळावर गाडी भाड्याने घ्या. हायवे १६३ने तासाभराच्या आत पोहोचता. गाडीशिवाय जायचा विचारही करू नका.

सकाळी लवकर चौकातल्या जार्स्मा बेकरीत जा. १८९८पासूनची बेकरी आहे. इथलं 'डच लेटर' म्हणजे एस आकाराची पापुद्र्यांची पेस्ट्री, आत बदामाचं सारण, वर साखर. चावलं की आधी साखर कुरकुरते, मग बदामाचा वास येतो. आमच्या पुढे कंपनीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ होते, आपल्या लाइनवरच्या सगळ्यांसाठी खोका भरून घेत होते. खिडक्या बनवतात. वडीलही तिथेच होते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला.

खिडक्यांची ती कंपनी म्हणजे पेला कॉर्पोरेशन. १९२५ साली गुंडाळता येणाऱ्या डासांच्या जाळीपासून तिची सुरुवात झाली. दुसरी मोठी कंपनी व्हर्मीर, १९४८ची. तिचे संस्थापक गॅरी व्हर्मीर मूळचे शेतकरी. पूर्वी वाळल्या गवताचे छोटे चौकोनी गठ्ठे भर उन्हाळ्यात हातांनी उचलून रचावे लागत, त्याला माणसं पुरत नसत. १९७१मध्ये त्यांनी मोठे गोल गठ्ठे बांधणारं यंत्र आणलं आणि एकटा माणूस ट्रॅक्टरवर बसून ते काम उरकू लागला. गावाबाहेर शेतात ते गोल गठ्ठे दिसले की गाडी बाजूला घेऊन नीट बघा, मला तरी गावातल्या पवनचक्कीपेक्षा तेच जास्त मोलाचे वाटले. जुलै २०१८मध्ये चक्रीवादळाने व्हर्मीरच्या कारखान्याची दैना केली. कामगार आणि पाहुणे वेळेत आसऱ्याला गेले, एकही जीव गेला नाही.

पवनचक्कीही चुकवू नका. सव्वाशे फूट उंच, नेदरलँड्समध्ये बनवून २००२मध्ये इथे उभारलेली, आणि तिच्यावर खरोखर गहू दळतात. शेजारच्या ऐतिहासिक वाड्यावस्तीत वायट अर्प या जुन्या अमेरिकन पश्चिमेतल्या प्रसिद्ध पोलीस अधिकाऱ्याचं लहानपणचं घर आहे. १८४७ साली हेंड्रिक स्खोल्टे या धर्मगुरूबरोबर सुमारे ८०० डच लोक धर्मस्वातंत्र्यासाठी इथे आले. पहिल्या हिवाळ्यात अनेकांनी गवताने शाकारलेल्या मातीच्या खोपटांत दिवस काढले. हे ऐकल्यावर गावकऱ्यांच्या कामसूपणाचं नवल वाटेनासं होतं.

रविवारी मात्र जाऊ नका. चर्चचं गाव आहे, त्या दिवशी बरीचशी दुकानं बंद असतात. मांसाहारी असाल तर पेला बोलोन्या हा इथला सॉसेज घ्या. शाकाहारी असाल तर जेवणाचं सामान डे मॉइनहूनच आणलेलं बरं. लोक स्वतःहून बोलतात, कामाबद्दल विचारलंत तर विशेष खुलतात, पण शिफ्ट लवकर सुरू होते म्हणून संध्याकाळी लवकर घरी जातात. गप्पा मारायच्या तर सकाळची बेकरीच बरी. दुपार रिकामी असेल तर रेड रॉक तलाव गाडीने जवळच आहे. आणि ट्युलिप टाइमलाच जायचं असेल तर खोली काही महिने आधी ठरवा, नाहीतर मुक्काम डे मॉइनलाच करावा लागेल.