हात वर झाले, पण…

"पन्नास मीटरची रेंज कोणाकोणाला हवी?" आज आमच्या नेमबाजी क्लबच्या बैठकीत विचारलं आणि जवळजवळ सगळे हात वर. मागून एकजण म्हणाला, "झाली तर येईनच की!"

त्या 'झाली तर'पाशीच मन अडकलंय.

२०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, तेव्हापासून कोल्हापुरात ही इच्छा साहजिकच आहे. पण १० मीटरला एअर रायफलचे ४.५ मिमीचे छर्रे पुरतात. ५० मीटरला पॉइंट टूटू (.२२) काडतुसांची रायफल, म्हणजे परवाना, काडतुसांचा हिशेब, गोळी अडवणारा भक्कम बांध. पात्रता फेरीतच गुडघ्यावर, झोपून, उभ्याने प्रत्येकी २० अशा ६० गोळ्या, सरावाच्या वेगळ्या.

हे आधी सांगून मग कागदावर विचारा: परवाना आहे का, महिन्याला काडतुसं किती, कुठल्या वारी किती वाजता, आणि आगाऊ किती भरणार. वार-वेळ विचारली नाही तर सगळे रविवारी सकाळीच येतात, बाकी आठवडा लेन ओस.

कोपऱ्यातल्या एका मुलीने हात वर केलाच नाही. ती रोज संध्याकाळी जॅकेट चढवून १० मीटरची लेन रिकामी व्हायची वाट बघत बसते. तिला काय हवंय, हे कोणी विचारलं?