तांबडी सुर्ल, चतुर्दशीची रात्र आणि पाठीमागचा दिवा

महाशिवरात्रीला पहाटे सायकलने गोव्यातल्या तांबडी सुर्लला, महादेवाच्या जुन्या देवळात पोचायचं, हा बेत आमच्याकडे तीन वर्षं नुसता शिळा होत होता. यंदा निघालो. फोंड्याहून एका बाजूचं अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर. आकडा मोठा नाही. पण ऊन चढायच्या आत पोचून रांगेत उभं राहायचं, तर पावणेचारला तरी पेडल मारायला हवं. आणि महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी. चंद्र उगवतो तो सूर्याच्या थोडाच आधी, तोही नखाएवढा. म्हणजे सगळी वाट काळोखातली, आणि त्यातली निम्मी बेळगावहून भाजी घेऊन अनमोड घाट उतरणाऱ्या ट्रकांच्या सोबतीने.

माणसं तीन. मी, माझा मामेभाऊ आणि आमचे मास्तर. मास्तर हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर सायकलीकडे वळले आणि आता तीनशे किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, मारतात. बीआरएममध्ये तीनशेला २० तास मिळतात, त्यामुळे रात्र चुकत नाही, आणि अंगावर रिफ्लेक्टिव जॅकेट आणि सायकलीला मागेपुढे दिवे नसतील तर रात्री चालवूच देत नाहीत. तिथलीच शिस्त त्यांच्या अंगात मुरली आहे.

सव्वातीनला त्यांच्या अंगणात जमलो तर चहाआधी तपासणी. आमच्या दोघांच्या सायकली त्यांनी समोरच्या रस्त्यावर उभ्या करायला लावल्या, आम्हाला वर बसवलं, स्वतः स्कूटर घेऊन साठ-सत्तर पावलं मागे गेले आणि लो बीम लावला.

"दादाचा दिवा कुठाय?" तिथूनच ओरडले.

माझा दिवा होता, चालूही होता. पण सीटखालच्या पिशवीत मी पंप, जादा ट्यूब आणि विंडचीटर कोंबलं होतं. पिशवी फुगून खाली लोंबत होती आणि दिवा बरोबर तिच्या आड. निघण्यापूर्वी मी स्वतः बटण दाबून लाल उजेड पाहिला होता, वरून वाकून. मागून येणाऱ्याला काय दिसतं ते पाहायचं मला सुचलंच नव्हतं. मामेभावाची तऱ्हा वेगळी. त्याचा लाल रिफ्लेक्टर मडगार्डवर होता, मडगार्ड कधीतरी भिंतीला आपटून वाकलेलं, त्यामुळे रिफ्लेक्टरचं तोंड आकाशाकडे. विमानाला दिसला असता.

यातून पुढच्यांसाठी पहिली गोष्ट: मागचा दिवा लावून झाला की कुणाला तरी सायकलवर बसवा आणि आपण लांब जाऊन बघा. एकटे असाल तर सायकल भिंतीला टेकवा, मोबाइलची बॅटरी डोळ्याजवळ धरा आणि तीस-चाळीस पावलं मागे जा. डोळ्याजवळ अशासाठी की रिफ्लेक्टर उजेड ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत पाठवतो. त्याच्या आत बारीक-बारीक कोपरे असतात, एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचे, खोलीच्या कोपऱ्यासारखे. किरण त्यांवर आपटून जिथून आला तिथे जातो. बॅटरी कमरेशी धराल तर रिफ्लेक्टर मंद वाटेल आणि उगाच त्याला नावं ठेवाल.

मास्तर याला उधारीचा उजेड म्हणतात. समोरच्याने दिला तर परत मिळतो. मागून येणाऱ्या गाडीचा एक हेडलाइट गेलेला असेल, ती आडव्या बोळातून घुसत असेल किंवा वळणावर तिचा झोत अजून समोरच्या झाडावरच असेल, तर रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. वळणावर तुम्ही असता तिथे झोत पोचेपर्यंत गाडी तुमच्या फार जवळ आलेली असते. त्यासाठी स्वतःचा दिवा. आणि दिव्याचं चार्जिंग संपलं की कसलीही कुरकुर न करता शिल्लक राहतो तो रिफ्लेक्टर. एक आहे म्हणून दुसरा काढू नका. नव्या सायकलीवरचे रिफ्लेक्टर बरेचजण 'शो जातो' म्हणून घरी आल्याआल्या उचकटतात, मीही उचकटले होते. मागे लाल, पुढे पांढरा, पेडलला पिवळा, हा संच उगाच दिलेला नसतो. सायकलींच्या रिफ्लेक्टरच्या दर्जासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रणाचा आदेशही काढला आहे.

पेडलच्या पिवळ्या रिफ्लेक्टरवर माझा विशेष जीव बसला तो त्या रात्री. मी काही वेळ सर्वांत मागे होतो. मास्तरांचं जॅकेट लांबून नुसता चकाकणारा पट्टा दिसायचं, रस्त्याकडेचा फलकही असू शकला असता. पण त्याखाली दोन पिवळे ठिपके आळीपाळीने वर-खाली होत होते आणि बघताक्षणी कळत होतं की हा माणूस आहे, पाय मारतोय. क्लिपलेस पेडल, म्हणजे बूट अडकवायचं पेडल, असलेल्यांना ही सोय नसते. त्यांनी घोट्याला रिफ्लेक्टिव पट्टी बांधावी, दोन्ही पायांना.

कुर्टी ओलांडून खांडेपारच्या उतारावर लागलो तेव्हा पहिला मोठा ट्रक समोरून आला. हाय बीम. दोन-तीन सेकंद मला माझं हँडलही दिसेना. त्याच वेळी माझ्या मागून एक जीप येत होती. माझे डोळे जसे दिपले तसेच तिच्या ड्रायव्हरचेही दिपले असणार, आणि त्या पांढऱ्या भडक्यात माझा करंगळीएवढा लाल ठिपका त्याला दिसला असेलच याची काय खात्री? ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. ड्रायव्हरला काहीतरी दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी पंचवीस मीटर संपले, ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी जवळपास तेवढेच. म्हणून समोरून हाय बीम आला की आम्ही कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जायचो आणि हळू व्हायचो. रस्ता चौपदरी, मध्ये दुभाजक असेल तिथे हा त्रास कमी. दुभाजक संपला की जपा.

आता माझी फजिती. तिस्क-उसगावच्या अलीकडे एक गतिरोधक आहे, रंग उडालेला. तो मला दिसला तो त्यावर चढल्यावर. दणका बसला, दात वाजले, पुढे गेलो. दहा मिनिटांनी मागून एक टेंपो आला, अगदी कोपर घासेल इतक्या जवळून गेला आणि पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"आरे, तुज्या फाटल्यान दिवो ना!"

तुझ्या मागे दिवा नाही म्हणतो! हात मागे नेऊन चाचपला. खरंच नाही. सीटपोस्टला रबरी पट्ट्याने अडकवलेला दिवा दणक्यात उडाला होता आणि मी दहा मिनिटं मागून आंधळा चाललो होतो. निघताना पिशवी वर बांधली होती, पण रिफ्लेक्टर सरळ केला होता तो मामेभावाच्या सायकलीचा. माझ्या सायकलीला तर तो नव्हताच, 'शो जातो' म्हणून काढलेला.

मास्तर काही बोलले नाहीत. हँडलबॅगेतून दोन वस्तू काढल्या. एक सेलवर चालणारा जुना, ओबडधोबड लाल दिवा. दुसरी ट्रकच्या मागे लावतात ती लाल रिफ्लेक्टिव टेप. ही टेप ऑटो स्पेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. ट्रकवाल्यांना मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी लावावी लागते, त्यामुळे दुकानदाराकडे असतेच. मी नंतर दोन मीटर घेतली ती शंभराच्या आत. नाक्यावर दुकानाच्या पायरीवर बसून मडगार्डवर चार बोटं टेप चिकटवली, पण चिकटेना. कारण मडगार्डवर आपली गोव्याची लाल धूळ, दवाने ओली होऊन तिची पेस्ट झालेली. अंगठ्याने पुसावं तर आणखी पसरे. शेवटी पंचाच्या टोकाने घासून, कोरडं करून लावली तेव्हा बसली. दिवे आणि रिफ्लेक्टरवरही हीच धूळ बसते आणि लाल भिंगावर लाल थर दिवसा लक्षातच येत नाही. उसगावपासून पुढे जाणार असाल तर वाटेत एकदा बोटाने पुसून घ्या.

दिव्याबद्दल चार शब्द, कारण यावर वाद फार होतो. लुकलुकता की स्थिर? लुकलुकता चटकन नजर ओढतो, पण सायकल किती लांब आहे याचा अंदाज त्यावरून नीट येत नाही. डोळा ठिपका पकडतो तोवर तो विझलेला असतो. जर्मनीत सायकलीला लुकलुकता दिवा चालतच नाही, इंग्लंडमध्ये चालतो. मास्तरांचं मत: मुख्य दिवा स्थिर, दुसरा असलाच तर हेल्मेटला, हळू लुकलुकणारा. मला पटलं. एकामागोमाग चालत असाल तर मागच्यावर दया करा. मामेभावाचा नवा चार्जिंगचा दिवा इतका झगझगीत होता की त्याच्या मागे दहा मिनिटं चालल्यावर मला सगळीकडे हिरवे डाग दिसू लागले. त्याला कमी उजेडावर आणला, तर चार्जिंगही घरी येईपर्यंत पुरलं. दिवा रस्त्याला समांतर ठेवा, वर-खाली कललेला नको. आणि एक चार्जिंगवाला, एक सेलवाला अशी जोडी ठेवा, म्हणजे दोन्ही एकदम दगा देणार नाहीत.

माझ्या लहानपणी वडिलांच्या सायकलीला डायनामो होता, टायरला घासून गुरगुरणारा. चढावर हळू झालं की दिवा मंद, थांबलं की मिट्ट. त्या सायकलीचा मागचा काचेचा लाल डोळा वडील रोज धोतराने पुसत. का ते तेव्हा कळलं नव्हतं.

धारबांदोड्याच्या पुढे हमरस्ता सोडून साकोर्ड्याच्या बाजूला वळलो आणि वेगळाच प्रदेश सुरू झाला. ट्रक संपले, रस्ता अरुंद झाला, दोन्हीकडून झाडं अंगावर आली. गारवा एवढा की विंडचीटर काढून घातलं आणि पिशवी आपोआप बारीक झाली. इथे भीती गाड्यांची नाही, गुरांची. दिवसभर तापलेल्या डांबरावर रात्री गुरं येऊन बसतात. त्यांचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांच्या आतही, मागच्या बाजूला, उजेड परत पाठवणारा पडदा असतो. पण गाय तुमच्याकडे बघत असली तरच. पाठ करून बसलेली काळी म्हैस म्हणजे डांबराचाच उंचवटा. एका वळणावर मास्तरांनी हात वर केला, आम्ही थांबलो. चाळीसेक पावलांवर गवा. आडवा, शांत, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. त्याने आमच्याकडे पाहिलं तेव्हा हिरवट दोन ठिणग्या दिसल्या, तोंड फिरवलं तेव्हा विझल्या. गवा दिसला की घंटी नको, ओरडणं नको, झोत त्याच्या तोंडावर धरणं नको. उभे राहा. आम्ही सात-आठ मिनिटं उभे होतो, मग तो रानात शिरला.

साडेसहाच्या सुमारास देवळापाशी पोचलो. गर्दी होती, रांग सावकाश सरकत होती. बाराव्या-तेराव्या शतकातलं कदंबांच्या काळातलं देऊळ, काळ्या बसाल्टचं. आपल्याकडचा जांभा चिरा नव्हे, हा दगड घाटमाथ्यावरून आणलेला मानतात. मंडपात नंदी आहे त्याला डोकं नाही. देऊळ पूर्वाभिमुख, त्यामुळे पहिलं ऊन थेट आत शिरतं. ते बघायचं असेल तर सातच्या आत रांगेत असा. उपास असेल तर केळी, शेंगदाणे आणि गूळ घरूनच न्या. वाटेत पहाटे उघड्या असलेल्या चहाच्या गाड्यांवर उपासाचं काही मिळेलच असं नाही. दोन बाटल्या पाणी प्रत्येकी. रानात मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून वाटेत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. पंक्चरचं सामान जवळ हवंच.

परत निघालो नऊला. ऊन एवढं की दिव्यांची आठवणही येऊ नये. तरी त्या गतिरोधकापाशी मी उतरलो. कडेच्या गवतात रबरी पट्टा सापडला, खाचेपाशी चिरलेला. चीर जुनी होती, आत धूळ भरलेली. दिवा थोडा पुढे, डांबरावर पापडासारखा चपटा, एखाद्या ट्रकचं चाक वरून गेलेलं. लाल भिंगाचे तुकडे मामेभावाने बुटाने बाजूला सारले, कुणाच्या टायरला लागू नयेत म्हणून. आता नवा दिवा लावलाय तो पट्ट्याने तर लावलायच, वरून जुन्या ट्यूबची पट्टी कापून दोन वेढेही दिलेत.