आघाडीनंतरची मिनिटं

शनिवार, 16 ऑगस्ट 2025, पहाटे पावणेतीन

लिव्हरपूल 4, बोर्नमथ 2. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा फुटबॉल हंगाम सुरू झाला.

आमचा, म्हणजे आर्सेनलचा, सामना रविवारी रात्री नऊला, मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर. त्याच्या आधी अंदाज लिहून ठेवायचे, हा माझा तीन वर्षांचा नेम. दुपारी लिहिणार होते, पण हा सामना बघून झोप उडाली.

आधी लिव्हरपूलच्या जोटाबद्दल. सामन्याआधी लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड उभं राहून गप्प झालं तेव्हा मी आर्सेनलची आहे हे आठवलंसुद्धा नाही. 28 वर्षांचा मुलगा, जुलैच्या सुरुवातीला भावासकट अपघातात गेला. शेवटी त्याचा संघसहकारी सलाह प्रेक्षकांसमोर एकटा उभा राहून रडत होता, ते बघवलं नाही.

आणि सामना. लिव्हरपूल 2-0 पुढे होते. बोर्नमथच्या सेमेन्योनं एकट्यानं दोन गोल फेडून 2-2 केलं. मला वाटलं, गेले यांचे दोन गुण. 88व्या मिनिटाला किएझाचा गोल, भरपाई वेळेत सलाहचा, संपला विषय. दादाचा लगेच मेसेज: "बघितलंस ना? आम्ही बरोबरीवर सोडत नाही."

दादा लिव्हरपूलचा. तो चिडवायला लिहीत नाही, त्याला खरंच तसं वाटतं. आणि तो बरोबर आहे, म्हणून झोप येत नाहीये.

दुपारी चार

गेल्या ऑगस्टचं पान काढलं. माझंच अक्षर: 90 गुण, पहिला क्रमांक, आमच्या साकाचे लीगमध्ये 18 गोल. प्रत्यक्षात 74 गुण, दुसरा क्रमांक, साकाचे 6 गोल. डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर त्याचा हॅमस्ट्रिंग गेला आणि तो थेट एप्रिलमध्ये परतला. त्याच्या आधीच्या वर्षी 89 गुण, दुसरे. त्याच्या आधी 84, दुसरे. तीन वर्षं ओळीनं दुसरे.

पहिल्या वर्षी दुःख झालं ते वेगळं होतं. 248 दिवस आम्ही टेबलात वर होतो. मार्चमध्ये बचावपटू सलिबाची पाठ गेली आणि एप्रिलमध्ये लिव्हरपूल, वेस्ट हॅम, साउदॅम्प्टन अशा तीन बरोबऱ्या लागोपाठ झाल्या. दुसऱ्या वर्षी कुणाला काय म्हणणार? शेवटच्या 18 सामन्यांत 16 जिंकले, एक बरोबरी, एकच हार, अ‍ॅस्टन व्हिलाकडून घरच्या मैदानावर. मँचेस्टर सिटीनं तेवढ्यात आपले शेवटचे नऊच्या नऊ जिंकले. ती हार मी मान्य केली आहे.

गेल्या मोसमाची मान्य होत नाही. लिव्हरपूल 38 सामन्यांत चार हरले. आम्हीही चारच हरलो! त्यांचे 25 विजय आणि 9 बरोबऱ्या, आमचे 20 विजय आणि 14 बरोबऱ्या. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. म्हणजे आमच्या 14 पैकी पाच बरोबऱ्या जरी विजयात बदलल्या असत्या, तर बरोबर त्यांच्याएवढे 84 गुण झाले असते. दहा गुणांचा फरक म्हटलं की डोंगर वाटतो. पाच सामने म्हटलं की नावं डोळ्यांसमोर येतात.

म्हणून आज बसून सगळ्या 14 सामन्यांची उजळणी केली. हे कधीच करावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण केलं. घरी ब्रायटन, लिव्हरपूल, एव्हर्टन, व्हिला, ब्रेंटफर्ड, पॅलेस. बाहेर सिटी, चेल्सी, फुलहॅम, ब्रायटन, फॉरेस्ट, युनायटेड, एव्हर्टन, लिव्हरपूल. प्रत्येकापुढे लिहिलं की त्या सामन्यात आम्ही कधी पुढे होतो का. नऊ सामन्यांत पुढे होतो. नऊ! शिवाय बोर्नमथविरुद्ध घरी राइसच्या गोलनं पुढे असताना 1-2 हरलो, तो वेगळाच. मिळून 21 गुण हातात येऊन गेले.

आम्हाला नेहमी एकच बोल लावला जातो की आर्सेनलला गोल करता येत नाही, समोरचा संघ आपल्या पेनल्टी क्षेत्रात दहा माणसं घेऊन बसला की आमचं काही चालत नाही. एव्हर्टनविरुद्ध घरी 0-0, तिथे हे खरं होतं. पण त्या नऊ ठिकाणी पहिला गोल आला होता. दुसरा आला नाही, किंवा पहिला सांभाळता आला नाही. सिटीविरुद्ध ट्रोसार्डला लाल कार्ड मिळाल्यावर सगळा उत्तरार्ध दहा जणांनी झुंज दिली आणि 98व्या मिनिटाला स्टोन्सनं बरोबरी साधली. त्या सामन्याबद्दल मी संघाला कधीच दोष देणार नाही. व्हिलाविरुद्ध 2-0 पुढे होतो, जानेवारीत, आपल्या घरी. त्यात दहा जण नव्हते, अकराच्या अकरा होते. पॅलेसविरुद्ध 2-1 पुढे असताना 83व्या मिनिटाला त्यांच्या मातेतानं आमचा गोलरक्षक राया पुढे आलेला बघून लांबूनच चेंडू त्याच्या डोक्यावरून टाकला, आणि त्या बरोबरीनंतर लिव्हरपूलला विजेतेपदासाठी फक्त एक गुण उरला.

याचं कारण मला राखीव खेळाडूंच्या बाकावर दिसतं. सत्तराव्या मिनिटाला प्रशिक्षक आर्टेटा मागे वळून बघायचा तेव्हा तिथे कोण होतं? पुढच्या फळीतले एकेक करून जखमी झाले: जानेवारीत जेझुसचा गुडघा गेला, फेब्रुवारीत दुबईच्या सरावात हावर्ट्झचा हॅमस्ट्रिंग, न्यूकॅसलला मार्टिनेलीचाही. लेस्टरला मधल्या फळीतला मेरिनो बदली म्हणून स्ट्रायकरच्या जागी उतरला आणि त्यानं दोन गोल करून सामना जिंकून दिला. त्या रात्री मी आनंदानं ओरडले होते, पण विजेतेपद मिळवणारा संघ असा चालत नाही. तीन महिने बाहेर काढूनही हावर्ट्झच लीगमध्ये आमचा सगळ्यात जास्त गोल करणारा राहिला, नऊ गोलांवर.

आता आलेली माणसं.

ग्योकेरेस, नवा स्ट्रायकर. गेल्या मोसमात पोर्तुगालच्या लीगमध्ये 39 गोल. लिस्बनच्या स्पोर्टिंगसाठी दोन वर्षांत 102 सामन्यांत 97. पाठीवर 14 क्रमांक, म्हणजे आँरीचा. आँरीचे 228 गोल क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त, त्यामुळे तो शर्ट बघितला की छातीत काहीतरी होतं. पण अंदाज शर्ट बघून करायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं आहे. पोर्तुगालमध्ये त्याला धावायला मोकळी जागा मिळायची. डाव्या बाजूच्या फटीत घुसायचा, बचावपटूला अंगावर घ्यायचा आणि मारायचा. आमच्यासमोर तशी जागा कोण देणार? एक वेळ मात्र अशी आहे की ती जागा नक्की मिळते, आणि ती म्हणजे आम्ही पुढे गेल्यावर. समोरच्याला मग बाहेर यावंच लागतं. हावर्ट्झ हुशार आहे, हवेत चांगला आहे, पण तो चेंडू घ्यायला मागे येतो. ग्योकेरेस मागच्या मोकळ्या जागेत पळतो. दुसरा गोल तिथून येईल. माझा अंदाज: लीगमध्ये 16. त्यातले बरेच सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात.

मधल्या फळीतल्या झुबिमेंडीबद्दल माझी खात्री ग्योकेरेसपेक्षा जास्त आहे. 2024च्या युरो अंतिम सामन्यात मध्यंतराला रोड्री जखमी होऊन बाहेर गेला, स्पेनला आता जड जाणार असं सगळ्यांना वाटलं, आणि हा माणूस येऊन शांतपणे खेळला. समोर आमचेच राइस आणि साका होते, ते हरले. बचावपटूंकडून पाठमोरा चेंडू घ्यायचा, अंगावर माणूस असताना वळायचं आणि पुढे द्यायचा. सामना 1-0 वर असताना चेंडू आपल्याकडे ठेवायला दुसरं काय लागतं? तो मागे असला की राइस डावीकडून मोकळा पुढे जाईल. एप्रिलमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध एकाच सामन्यात थेट फ्री किकवर दोन गोल मारणारा राइस, ज्यानं त्याआधी कारकिर्दीत असा एकही मारला नव्हता! त्याला गोलपासून लांब ठेवणं अन्याय आहे. राइसचे लीगमध्ये 8 गोल, लिहून ठेवते.

नोरगार्ड, मोस्केरा, मडुएके, केपा. यांच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. मला वाटतं, मोसम यांच्यावर ठरेल. मडुएके आला तेव्हा आमच्याच लोकांनी नाक मुरडलं. मला ते आवडलं नाही. साकाला दर तीन दिवसांनी 90 मिनिटं पळवल्याचा परिणाम आपण डिसेंबरात बघितला आहे.

सराव सामन्यांवरून अंदाज करू नये म्हणतात. सिंगापूरला मिलान आणि न्यूकॅसलला हरवलं, मग हाँगकाँगला टॉटनहॅम स्पर्सकडून 0-1 (सारनं जवळजवळ अर्ध्या मैदानावरून मारला), घरी विलारेआलकडून 2-3, आणि शेवटी अ‍ॅथलेटिक बिल्बाओला 3-0. शेवटच्या सामन्यातला पहिला गोल मी पुन्हा पुन्हा बघितला. झुबिमेंडीचा क्रॉस, ग्योकेरेसचं डोकं. आणि न्यूकॅसलविरुद्धचा 15 वर्षांचा मॅक्स डाउमन! उजवीकडून आत शिरला, पेनल्टी मिळवली, ओडेगार्डनं ती मारली. त्याच्याबद्दल अंदाज लिहिणार नाही. त्याला वाढू द्यावं, एवढंच.

रविवार, 17 ऑगस्ट, सकाळी

पहिल्या सहा सामन्यांचे आकडे आज शांत डोक्यानं लिहिते. कार्यक्रम अवघड आहे. युनायटेड बाहेर, लीड्स घरी, लिव्हरपूल बाहेर, फॉरेस्ट घरी, सिटी घरी, न्यूकॅसल बाहेर. युनायटेडशी गेल्या मोसमात तिथे 1-1, यंदा 2-1 जिंकू. लीड्स 3-0. अ‍ॅनफिल्डला 1-1, परवाचे ते शेवटचे दोन गोल बघितल्यावर तिथे जिंकू असं लिहायला हात धजावत नाही, आणि ही बरोबरी मला चालेल. फॉरेस्ट 2-0. सिटीला फेब्रुवारीत 5-1 हरवलं होतं, तसं पुन्हा होणार नाही, पण 2-1. न्यूकॅसलला गेल्या वेळी लीगमध्ये 0-1 आणि लीग कपमध्ये 0-2, तिथे 1-1. सहा सामन्यांत 14 गुण.

पूर्ण मोसम: 26 विजय, 7 बरोबऱ्या, 5 हार. एक हार जास्तच लिहिली आहे, कारण जिंकायला पुढे गेलं की कधीतरी मागे उघडं पडतंच, आणि मला तेच हवं आहे. 85 गुण. पहिला क्रमांक. लिव्हरपूल दुसरे: नवा आलेला विर्ट्झ मोठा खेळाडू आहे, पण ट्रेंट आणि डियाझ गेले, बाजूचे बचावपटूही नवे, त्यांना जुळायला वेळ लागेल. सिटी तिसरे, कारण रोड्री परतला तरी एवढ्या मोठ्या दुखापतीनंतर पूर्वीसारखा लगेच होत नाही.

चॅम्पियन्स लीगमध्ये उपांत्य फेरी. गेल्या मोसमात त्याच फेरीत पॅरिसकडून 0-1 आणि 1-2 हरलो ते अजून बोचतं. तिथे आम्ही वाईट खेळलो नव्हतो, त्यांचा गोलरक्षक डोन्नारुम्मा आडवा आला. अंतिम सामना बुडापेस्टला आहे. तिथपर्यंतचा अंदाज या वर्षी लिहीत नाही.

आर्सेनलच्या मुलींनी मे महिन्यात बार्सिलोनाला 1-0 हरवून महिलांची चॅम्पियन्स लीग जिंकली. ब्लॅकस्टेनियसचा गोल, 74वं मिनिट, आणि मग उरलेला वेळ एक गोल सांभाळला. पुढे जाऊन टिकून राहिल्या. लिस्बनचं तेच मैदान, जिथे ग्योकेरेस दोन वर्षं खेळला. एक स्वीडिश तिथे जिंकून आली, दुसरा तिथून आमच्याकडे आला. याला शकुन म्हणावंसं वाटतं आणि मी म्हणते.

रात्री आठ

दादाचा फोन आला होता. "किती लिहिलेस?" म्हणाला. 85 सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अगं, गेल्या वर्षी नव्वद लिहिले होतेस." मी त्याला 14 बरोबऱ्यांची यादी वाचून दाखवली, सगळी. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "2004 ला तुमच्या 12 होत्या की."

होत्या. 26 विजय, 12 बरोबऱ्या, हार एकही नाही, 90 गुण. विजेतेपदावर शिक्का बसला तोसुद्धा बरोबरीतच, स्पर्सच्या मैदानावर 2-2. त्या संघासारखा संघ मी पुन्हा मागत नाहीये. 21 वर्षं झाली. पाच सामने हरले तरी चालतील.

अजून एक तास आहे. डावीकडे मार्टिनेली की ट्रोसार्ड, एवढंच अडलं आहे. मी मार्टिनेली लिहिते; युनायटेड तीन बचावपटू घेऊन खेळतात, त्यांचा उजवीकडचा पुढे गेला की मागे पळायला वेग लागेल. राया; व्हाइट, सलिबा, गॅब्रिएल, कॅलाफिओरी; झुबिमेंडी, राइस, ओडेगार्ड; साका, ग्योकेरेस, मार्टिनेली.

पहिला गोल कॉर्नरवरून येईल. दुसरा सत्तराव्या मिनिटानंतर.