तुम्ही विचारलंत म्हणून: मीटिंगला जायचे, पण कोणत्या?

‘मीटिंग कोणती गाठावी, आणि तिथे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलावे लागते का?’ हा प्रश्न मला दारू सोडू पाहणारे विचारतात आणि त्यांच्याहून अधिक वेळा त्यांच्या घरची माणसे विचारतात. मी स्वतः दारू सोडलेला आहे आणि आजही नियमाने मीटिंगला, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या आणि सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर मदतीच्या समूहाच्या बैठकीला, जातो, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

बोलावे लागत नाही. आपली पाळी आली की ‘आज मी फक्त ऐकायला आलो आहे’ एवढे म्हटले तरी पुरते आणि त्यावर कोणी पुढे काही विचारत नाही. आडनाव, नोकरी किंवा पत्ता सांगण्याचेही बंधन नसते.

मात्र मीटिंगच्याही आधीची एक गोष्ट सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते. जो माणूस दीर्घकाळ रोज आणि भरपूर पीत आला आहे, त्याने कोणाच्याही आग्रहाखातर दारू एका झटक्यात बंद करू नये. अशी दारू अचानक थांबली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, भास व ताप होऊन प्रकरण जिवावर बेतू शकते. हे काम डॉक्टरांचे आहे; समूह ते करू शकत नाही आणि चांगला समूह तसा दावाही करत नाही.

आता मीटिंगच्या निवडीकडे येतो. सर्वांत जास्त पसरलेली संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. शेअर बाजारात काम केलेले बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांची १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात भेट झाली आणि त्याच वर्षीचा १० जून हा संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. फी नाही, आणि बाहेरून देणगी न घेण्याची परंपरा आहे. मीटिंगमध्ये पैशांसाठी पिशवी फिरते तेव्हा नवागत चटकन खिशात हात घालतो, परंतु काही टाकलेच पाहिजे असे मुळीच नसते. ‘ओपन’ मीटिंगला कोणालाही बसता येते, तर ‘क्लोज्ड’ मीटिंग केवळ ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. वेळा आणि ठिकाणे संघटनेच्या हेल्पलाइनवर, संकेतस्थळावर किंवा व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या समुपदेशकांकडे मिळतात. ऑनलाइन मीटिंगही असतात आणि लांब राहणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार होतो.

या संघटनेचा दारूमुक्तीचा मार्ग ज्या बारा पायऱ्यांत मांडला आहे, त्यांमधील ईश्वराचा उल्लेख अनेकांना खटकतो. ‘आपल्या समजुतीप्रमाणे असलेला ईश्वर’ अशी तिथे मुभा आहे, तरीही ज्याचे मन त्यात रमत नाही त्याने स्मार्ट रिकव्हरीसारखा, विचार व वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर आधारलेला समूह निःसंकोच शोधावा.

माझे खरे म्हणणे पुढे आहे. प्रत्येक समूह आपला कारभार स्वतः पाहतो, त्यामुळे एकाच गावातले दोन समूह एकमेकांपासून अगदी वेगळे असू शकतात, आणि म्हणून एका मीटिंगवरून ‘हे माझ्यासाठी नाही’ असा निकाल देणे घाईचे ठरते. निवड करताना मीटिंग संपल्यानंतरच्या दहा मिनिटांकडे लक्ष द्यावे. दाराजवळच्या खुर्चीवर बसून निघण्याच्या तयारीत असलेल्या नव्या माणसाकडे कोणी उठून येते का, आपला नंबर देऊन ‘प्यावेसे वाटले तर आधी मला फोन करा’ असे म्हणते का, की जुनी मंडळी आपापसांतच रमतात? संध्याकाळी सातला तलफ येते तेव्हा भिंतीवरचे फलक उपयोगी पडत नाहीत, फोन उचलणारा माणूस उपयोगी पडतो. स्पॉन्सर, म्हणजे नव्या सदस्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, तोही अशाच ओळखींतून मिळतो. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, २७ अभ्यासांवर आधारलेल्या २०२० सालच्या आढाव्यातही असे दिसले की, ज्या पद्धतशीर उपचारांचा भर रुग्णाला या समूहांशी जोडून देण्यावर होता, त्यांतून दारूपासून सलग दूर राहणाऱ्यांचे प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक होते. नुसता पत्ता हातात देण्यापेक्षा पहिल्या दिवशी सोबत नेणारा जुना सदस्य मिळवून देणे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

जिथे कोणी डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करायला सांगतो, उसने पैसे मागतो किंवा नव्याने आलेल्या स्त्रीशी नको तितकी सलगी करतो, तिथे थांबू नये आणि दुसरा समूह पाहावा. स्त्रियांसाठी स्वतंत्र मीटिंगही अनेक ठिकाणी असतात. पुन्हा प्यायलेल्या माणसाला मात्र कोणताही चांगला समूह दारातून परत पाठवत नाही, फक्त नशेत असताना त्याने बोलू नये अशी अपेक्षा असते.

राहिला घरच्यांचा प्रश्न. त्यांच्यासाठी १९५१ पासून अल्-अ‍ॅनॉन हा वेगळा समूह आहे आणि तिथे जाण्यासाठी पिणाऱ्याने दारू सोडलेली असण्याची गरज नसते. त्यामुळे ‘तो काही यायला तयार नाही’ असे सांगत आलेल्या आईला किंवा पत्नीला मी आधी तिच्या स्वतःच्या मीटिंगची वेळ शोधून देतो.