गळ्याला बांधू नका, दाबून धरा

संक्रांत जवळ आली की नागपुरात नायलॉन मांजानं कापल्याच्या बातम्या सुरू होतात. मांजावर बंदी आहे, त्या दिवशी पोलीस उड्डाणपूलही बंद ठेवतात, तरी दुचाकीवाल्यांचे गळे आणि बोटं कापली जातातच. मग 108 येईपर्यंत कुणी हळद शोधतं, कुणी कॉफी पावडर. जोरात वाहणारं रक्त पावडर धुऊन नेतं. दाब हाच खरा उपाय.

गळ्याची जखम असेल तर माणसाला आडवं झोपवा. उभं किंवा बसतं ठेवलं तर कापलेल्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ शकते. स्वच्छ रुमाल घडी करून रक्त येतं तिथेच बोटांनी दाबा. श्वासनलिकेवर दाब नको, दोन्ही बाजू एकदम दाबू नका, गळ्याभोवती तर काहीच आवळू नका. मांजा जखमेत रुतलेला असेल तर ओढायचा नाही; दोन्ही टोकं कापा, आतला तुकडा डॉक्टर काढतील.

हातापायाचंही आधी दाबूनच बघा. सलग 10 मिनिटं, मध्ये उचलून न बघता. थांबलं का म्हणून डोकावलं की नुकती धरलेली गुठळी सुटते. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

एवढ्यानंही रक्त उसळतच असेल तर आवळपट्टी (टूर्निके), म्हणजे हाताला किंवा पायाला घट्ट आवळून रक्त थांबवणारी पट्टी. 1718 मध्ये पॅरिसचे सर्जन झां-लुई पेती यांनी स्क्रूनं घट्ट होणारी आवळपट्टी केली. पहिल्या महायुद्धात मात्र ती बदनाम झाली. जखमींना खंदकातून मागे आणायलाच कित्येक तास जायचे, तोवर बांधलेला पाय मेलेला असायचा. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं प्रथमोपचाराच्या वर्गात ‘अगदी शेवटचा उपाय’ असंच शिकवलं गेलं. हे मत फिरवलं बगदादमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातल्या 2006 च्या नोंदींनी: शॉकमध्ये जाण्याआधी, म्हणजे रक्त गेल्यानं रक्तदाब कोसळण्याआधी, पट्टी बांधलेले सुमारे 90 टक्के जखमी वाचले, शॉकनंतर बांधलेले जेमतेम 10 टक्के. या फरकासाठी तरी ही पट्टी प्रत्येकाला बांधता यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ओढणीची किंवा दुपट्ट्याची तीन बोटं रुंद घडी करा. जखमेच्या चार बोटं वर, धडाच्या बाजूला बांधा; कोपर किंवा गुडघ्यावर नको. अर्धी गाठ मारा, त्यावर गाडीच्या टूलकिटमधला पाना ठेवून पूर्ण गाठ मारा आणि रक्त थांबेपर्यंत पाना पिळा. पेन वापरू नका, मोडतं. पाना सुटू नये म्हणून त्याचं टोक दुसऱ्या रुमालानं बांधून टाका. जखमी वेदनेनं ओरडेल, तरी सैल करायचं नाही. अर्धवट आवळलं तर शिरा बंद होतात पण धमनी चालूच राहते, म्हणजे रक्त उलट जास्त जातं. सुतळी किंवा बुटाची नाडी तर नकोच, ती मांसात रुतून नसा चिरडते.

बांधल्याची वेळ कपाळावर पेनानं लिहा आणि 108 वाल्यांना तोंडीही सांगा. साधारण दोन तासांपर्यंत अवयवाला धोका कमी असतो. पट्टी सोडायची ती दवाखान्यातच. पोलिसांच्या भीतीनं कुणी मागे राहू नये: मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नुसार अपघातात सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही.