रोजनिशी : फीच्या खिडकीपाशी

सोलापूरची गड्डा यात्रा उरकली. आता सेमिस्टरचे निकाल लागतील आणि कॉलेजातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीबाहेरची बाकं भरतील. त्याआधी आजचं प्रशिक्षण झालं ते बरंच झालं.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं, असं त्यात आहे. त्यात शिक्षकेतर कर्मचारीही धरलेत, आणि माझ्या मते ही त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट. आजवर अशा कार्यशाळांना समुपदेशक आणि एखाद-दोन प्राध्यापक जायचे, फाइल-पेन घेऊन परत यायचे. प्रमाणपत्राची झेरॉक्स नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलीत, विषय संपला.

आज मात्र ऑफिसातले भाऊसाहेब होते, ग्रंथालयातले मामा होते, लेडीज हॉस्टेलच्या मावशी होत्या. सकाळी सगळे मागच्या रांगेत अंग चोरून बसलेले. मावशींनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. "कोण पोरगी ताट तसंच ठेवून उठतीय, ते मला आधी कळतंय की मॅडम. पण सांगायचं कुणाला?" बरोबर आहे. माझ्यापर्यंत मुलगी येते तेव्हा बरंच पाणी वाहून गेलेलं असतं.

दुपारी प्रशिक्षण देणाऱ्या डॉक्टरांनी जोड्या लावून सराव घेतला. समोरच्याला आत्महत्येचा विचार येतो का, हे आडवळणाने नाही, थेट विचारायचं. भाऊसाहेबांनी लगेच हात वर केला : "आपण विचारलं आणि नसलेलं डोक्यात शिरलं तर?" ही भीती मला पालकांकडूनही कायम ऐकू येते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की विचारल्याने धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट अनेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. मग सराव सुरू झाला. आधी नुसतं हसू. नंतर भाऊसाहेब विद्यार्थी झालेल्या मामांना म्हणाले, "बाळा, जीव द्यावासा वाटतोय का रे?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे, "फीचं काही अडलंय का? महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मागे आलाय का?" सगळे पुन्हा हसले. डॉक्टरांनीही त्यांना थांबवलं, आधी उत्तर ऐका म्हणाले. पण मला तो दुसरा प्रश्न फार मोलाचा वाटला. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, आणि शिष्यवृत्ती अडकलेली, अशा मुलाची काळजी कुठून सुरू होते हे फीच्या खिडकीतल्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीची उजळणी आम्हा समुपदेशकांपुरती होती. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. बेरीज कितीही कमी येवो, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काही खूण असेल तर त्या मुलाशी त्याच दिवशी बोलायचं. हे माहीत होतंच, तरी बेरजेवर भागवायची सवय लागते.

एक गोष्ट मात्र राहून गेली. ऐकून घेणाऱ्याने स्वतःचं कुठे बोलायचं? बहुतेक कॉलेजात समुपदेशक एकटाच असतो. दिवसभर ऐकलेलं घरी बोलता येत नाही, गोपनीयता असते. वर्षाला दोन कार्यशाळांपेक्षा मला महिन्याला एक बैठक जास्त हवी आहे : शहरातल्या चार-पाच कॉलेजांचे समुपदेशक, एखादे अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ, नाव-गाव न सांगता केसवर चर्चा. इथे मी बरोबर केलं का, हे विचारायला कुणीतरी हवं. सोमवारी प्राचार्यांकडे हा विषय काढणार आहे. खर्च चहाचा.

दुसरं काम टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबराचं. १४४१६, मोफत, चोवीस तास. आमच्या नोटीस बोर्डावर तो आहे खरा, पण परीक्षेच्या वेळापत्रकाखाली दबलेला. हेल्पलाइनचे नंबर ठळक अक्षरांत लावा, हेही न्यायालयाच्या सूचनांत आहे. भाऊसाहेब म्हणाले, "बोर्ड कोण वाचतंय? नव्या पावती पुस्तकाची ऑर्डर जायचीय, फीच्या पावतीमागं छापू की." मजकूर उद्या लिहून द्यायचा आहे, मराठीत, आणि जमलं तर तेलुगू-कन्नडमध्येही.